सगळ्या फोटोंची दिलेली परवानगी

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी माझ्या हाती एक कागद ठेवला आणि त्यातले कोणालाही कळू देऊ नका, असे सांगितले. भूम तालुक्यातल्या त्या शाळेचा मी मुख्याध्यापक. मी शब्द दिला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत टिकला.

कागद त्यांच्या हृदयाच्या तपासणीचा होता. एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि जड उचलू नका, असे बजावले होते. इंग्रजी मजकुरात आणखी काही लपले आहे का, ही त्यांना शंका. मी फोटो काढून धाराशिवच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. तसे काही नव्हते.

"पोराला न्हाय सांगायचं, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "त्याला कळलं की म्या घरात. दिवसभर सुनंच्या मागं मागं फिरायचं. त्यापरीस हितली चूल बरी."

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी शुभेच्छांचे चित्र टाकण्याचा माझा परिपाठ होता. पूर्वी ते मी स्वतः तयार करीत असे. पुढे फोनमधल्या ताज्या फोटोंतून आपोआप चित्र जुळवणारे एक ॲप मिळाले आणि मी पाहण्याचेही कष्ट सोडले. त्या सकाळी चित्रात झेंडूची फुले, रंगवलेली शाळेची भिंत, खिचडीचे पातेले आणि मावशींचा अहवाल होता. नाव स्पष्ट वाचता येत होते. खाली लिहिले होते, 'आपला दिवस मंगलमय जावो.'

तिघांनी हात जोडले. चौथे उत्तर मावशींच्या मुलाचे होते. 'गुरुजी, हे काय?'

मी चित्र पुसले. पण ज्याने पाहायला नको होते, त्यानेच ते पाहिले होते.

शाळेत आमच्या सहशिक्षिका मॅडमनी माझा फोन तपासला.

"सर, एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या आतलं दिसत नाही. प्रत्येकाची खोली वेगळी. पण फोटोंचा साठा सामायिक, आणि तुम्ही ह्या चित्रांच्या ॲपला तो सगळा उघडून दिलाय. 'फक्त निवडलेले फोटो' असं खालीच होतं. तेवढं निवडलं असतं, तर तुम्ही दाखवाल तेच त्यानं पाहिलं असतं. वाचलं नाही का?"

"नाही."

"आमचा रजेचा अर्ज मात्र दोनदा वाचता."

अर्ज मी खरोखरच दोनदा वाचतो. मावशींच्या आजारापेक्षा माझ्या सहीला मी अधिक जपत आलो, हे मला त्या दिवशी उमगले.

दहाच्या सुमारास मावशी आल्या. मागोमाग मुलगा आला.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"व्हय, तुमचीच हाय," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

"आई, आजपासून हे बंद," मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही तरी सांगा हिला."

"सांगायचा अधिकार मी सकाळी घालवला."

"येवढं तरी कळलं त्यास्नी," मावशी तांदळावरून नजर न उचलता म्हणाल्या. "आन् तू ऐक. पातेलं तेवढं जड हाय. ते तू उतरवून देत जा आन् मग रानात जा. चूल म्या सोडत न्हाय."

मुलाने रिकामे पातेले चुलीवर चढवले.

तेव्हापासून तो पातेले चढवायला आणि उतरवायला रोज येतो. माझ्याशी बोलत नाही. त्या ॲपची परवानगी मी काढून घेतली, पुढे ॲपही काढले. त्याने मावशींचे गुपित काही परत झाकले गेले नाही. परवा त्या फेरतपासणीचा कागद घेऊन आल्या. मी चष्मा लावला.

"तुम्ही जरा भाइर बसा, गुरुजी," त्या म्हणाल्या आणि कागद मॅडमपुढे धरला.

मी व्हरांड्यात जाऊन बसलो. आत मॅडम हळू आवाजात वाचत होत्या. काय वाचले, ते मी अद्याप कोणाला विचारलेले नाही.