नव्या ड्राईव्हला कुंकू

मी जन्मभर पोरांना सुवाहक आणि दुर्वाहक शिकवले. तांब्यातून वीज जाते, लाकडातून जात नाही, हे शेवटच्या बाकावर झोपणाऱ्यालाही पाठ करायला लावलं. आणि निवृत्त झाल्यावर खंडेनवमीच्या दिवशी, घनसावंगीतल्या माझ्याच घरात, मी लॅपटॉपच्या नव्याकोऱ्या एसएसडीच्या, म्हणजे नव्या जातीच्या डिस्कच्या, सोनेरी पट्ट्यांना ओलं कुंकू लावलं. वर अक्षता.

लॅपटॉप जुना, लेकीच्या कॉलेजातला. ती नोकरीला पुण्याला गेली, लग्न होऊन तिकडचीच झाली, लॅपटॉप माझ्याकडे राहिला. त्याच्यावर मी पत्ते खेळायचो आणि हरायचो. पितृपक्षात त्याची हार्डडिस्क गेली. जायच्या आधी बरेच दिवस ती आतून किरकिरत होती, जात्यात खडा आल्यासारखी. शहाण्या माणसानं तेव्हाच काहीतरी करायला पाहिजे होतं. मी केलं नाही. घरात कोणीतरी किरकिरतंय, एवढंच मला बरं वाटत होतं.

बायकोला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. लेकीशी बोलायचं खातं आमच्याकडे पूर्ण बायकोच्या हातात होतं. मायलेकी भाजीपासून सासूपर्यंत सगळं बोलून घ्यायच्या आणि शेवटी फोन माझ्या हातात यायचा, "घ्या, बोला." मी म्हणायचो, "बरी आहेस ना? जावईबापू बरे आहेत? हां, मंग ठेवतो." संपलं. लेकीच्या घरी बापानं फोन करायचा तर काहीतरी कारण लागतं, कोणाचं लग्न, कोणाचं मैत. उगाच केला तर जावयाला वाटायचं, सासऱ्याला काही पाहिजे. बायको गेली आणि फोनही गेला. रविवारी लेक करायची. जेवलात का? हो. गोळी घेतली का? हो. की झालं.

म्हणून लॅपटॉप बंद पडला तेव्हा खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. कारण मिळालं. मी स्वतः फोन लावला.

"बाबा, एसएसडी पाठवते," लेक म्हणाली. "तुम्हीच बसवा, दोन-चार स्क्रूचं तर काम आहे. जुन्या डिस्कमध्ये असायचं तसं त्यात फिरणारं काहीच नसतं."

हे वाक्य मी नीट ऐकून ठेवायला पाहिजे होतं.

पार्सल आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आमच्यात घरातल्या सगळ्या हत्यारा-अवजारांची पूजा असते. बायको कुंकवाची वाटी घेऊन निघाली की विळा, अडकित्ता, शिलाई मशीन, माझी स्कूटर, मिक्सर, कोणी सुटायचं नाही. एकदा तिनं विजेच्या मीटरलाही बोट लावलं होतं, तेव्हा मी तिला किती हसलो होतो. यंदा ताट मीच काढलं. मशीन झालं, स्कूटर झाली, स्क्रूड्रायव्हर झाला. मग नवा ड्राईव्ह. काळी चपटी डबी, तिचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली? एका कडेला सोन्यासारखे दात चमकत होते. तेच तोंड, असं मी ठरवलं आणि भक्तिभावानं बोट टेकवलं.

बसवला, लेकीनं पार्सलातच पाठवलेला विंडोजचा पेनड्राईव्ह लावला. पडद्यानं विचारलं, विंडोज कुठे बसवू? आणि खाली रिकामी चौकट. एकही ड्राईव्ह सापडला नाही, म्हणे.

शेजारचे शेतकरी कापसाकडे निघाले होते, ते दारातून डोकावले. "सर, काय खोलून राह्यले?"

"लॅपटॉप. नवीन डिस्क बसवली, पण त्याला दिसंना."

"मंग चष्मा लावा की त्याला," म्हणाले आणि हसत गेले.

संध्याकाळी लेकीनं व्हिडिओ कॉल केला. "बाबा, मला नुसता पंखा दिसतोय. फोन खाली घ्या. अजून. आता तुमचं नाक दिसतंय." मग चालू करताना कीबोर्डच्या वरच्या ओळीतली कुठली कळ कधी दाबायची ते झालं. मी ती वेळेवर दाबायचो नाही, परत बंद, परत चालू. रविवारच्या दहा फोनांएवढं आम्ही त्या एका संध्याकाळी बोललो. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी फोन वळवताना ती एकदम म्हणाली, "थांबा. आईच्या पलंगावर ते काय आहे?"

"रोजचे पेपर."

"एवढे?"

"वाचायचे राह्यलेत."

ती पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "बरं. ड्राईव्ह काढून परत बसवून बघा उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी काढला. दातांच्या फटीत कुंकू वाळून बसलं होतं, लालभडक, आणि एका फटीत तांदळाची कणी. मी घरात एकटाच मोठ्यानं हसलो, आणि हसू थांबल्यावर घर जास्तच गप्प वाटलं. खोडरबरानं पट्ट्या पुसल्या, खाचेतून जुना टूथब्रश फिरवला, बसवला. चौकटीत ड्राईव्ह हजर! संध्याकाळपर्यंत लॅपटॉप असा पळायला लागला की बोलायची सोय नाही. पूर्वी तो चालू करून मी चहा टाकायचो. आता आधण ठेवायच्या आत हा तयार. आणि आवाज म्हणून नाही. बिलकुल नाही.

लेकीला सांगायला फोन उचलला आणि तसाच बसलो. सांगितलं तर ती म्हणणार, वा बाबा, शाब्बास. आणि मग थेट रविवार.

तेवढ्यात तिचाच आला. "दिसला का?"

"न्हाई ना, माय," मी म्हणालो.

एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं असतं. ड्राईव्ह दिसला तर वाय-फाय धरंना. वाय-फाय धरलं तर पडदा लुकलुकायला लागला. ती बिचारी रोज नवा उपाय शोधून आणायची, आणि मी समोर चांगला चालणारा लॅपटॉप ठेवून "न्हाई बुवा" करायचो. शेवटी माझ्याकडचे लॅपटॉपचे आजार संपले. मग मी म्हणालो, "आज आतून आवाज येऊन राह्यला."

"कसला?"

"किर्र किर्र. जात्यात खडा आल्यासारखा."

मग ती सावकाश म्हणाली, "बाबा, त्यात फिरणारं काहीच नसतं. आवाज कुठून येणार?"

विज्ञानाचा शिक्षक रंगेहाथ सापडला.

"लॅपटॉप कधीपासून नीट चालू आहे?"

"झाले काही दिवस."

"आणि मी ऑफिसात सगळ्यांना विचारत फिरतेय! साहेब म्हणाले, वडलांना नवीनच घेऊन दे."

"साहेबांना म्हणावं, लॅपटॉप ठीक आहे, वडीलच जुने झालेत."

ती हसली नाही. "पण आवाज येतो असं का सांगितलं?"

कुंकवाचं सांगून विषय बदलावा असं वाटलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "घरात कुठलाच आवाज न्हाई ना. म्हणून सांगितला."

तिकडून तिला कोणीतरी हाक मारली. "ठेवते बाबा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. बरोबरच होतं, बिघडलेलं काही उरलंच नव्हतं. मी पत्ते मांडले आणि कधी नव्हे ते जिंकलो. जिंकलेलं सांगायला मान वळवली, तर बायकोच्या पलंगावर पेपर.

लॅपटॉप मिटला. फोन घेतला आणि विनाकारण लावला. रिंग वाजत होती. जावईबापूंनी उचलला तर काय म्हणायचं? कट करावा म्हणून बोट नेलं, तेवढ्यात तिनं उचलला.

"काय झालं बाबा? आता काय बिघडलं?"

"काही न्हाई बिघडलं."

"मग?"

"असाच केला."

तिच्यामागे कुकरनं शिट्टी दिली. ती घाईनं म्हणाली, "थांबा, गॅस बारीक करून येते. ठेवू नका हं, बाबा."

तिनं फोन ओट्यावर ठेवला असणार. कुठलंतरी झाकण पडलं, नळ सुटला, बंद झाला, जावईबापूंनी मीठ कुठे आहे म्हणून विचारलं. मी फोन कानाला घट्ट धरून बसून राहिलो.