मिस ऑरेलियाचे मंगळवार

आमच्या बेटावर सेंट जॉर्जेसच्या बंदरात ‘हार्बर रेस्ट’ नावाचं नऊ खोल्यांचं हॉटेल होतं. म्हणजे पाटीवर तसं लिहिलं होतं. आम्ही धक्क्यावरची माणसं त्याला नुसतं ‘ऑरेलियाकडे’ म्हणायचो. खाली जेवणाची खोली, मागे स्वयंपाकघर, लाकडी जिना चढून गेलं की खोल्या, आणि डोक्यावर जुन्या रिकाम्या गलबतांत वजनासाठी भरून आलेली लाल कौलं. बडी माणसं तिथे कधी उतरली नाहीत. उतरायच्या त्या भाजीपाला घेऊन त्रिनिदादला जाणाऱ्या व्यापारी बायका, इस्पितळात कुणाला बघायला आलेले डोंगरातले लोक, आणि करियाकू बेटावरून येणारे खलाशी. जमिनीवरून भांडणारे दोन भाऊ कोर्टाच्या तारखेला यायचे, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना झोपायचे आणि सकाळी एकाच टेबलावर पाठमोरे बसून कोकोचा चहा प्यायचे. मिस ऑरेलिया दोघांना एकाच किटलीतून ओतायची. वेगळी किटली मागायची छाती दोघांपैकी एकाचीही झाली नाही.

तिचे नियम थोडे होते पण कडक होते. जिना बूट काढून चढायचा. दारातून आत येताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, नाहीतर तुम्ही कितीही हाका मारा, मिस ऑरेलिया ठार बहिरी. आणि वहीत स्वतःच्या हातानं, बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव लिहायचं.

हा शेवटचा नियम लोकांना जाचायचा, कारण आमच्याकडे बाप्तिस्म्याचं नाव फक्त चर्चसाठी, शाळेसाठी आणि पोलिसांसाठी असतं. बाकी सगळा जन्म माणूस लोकांनी दिलेल्या नावावर काढतो. बायकोलासुद्धा नवऱ्याचं खरं नाव लग्नाच्या दिवशी पाद्र्याच्या तोंडून पहिल्यांदा कळलं, असं घडलेलं आहे. म्हणूनच रेडिओवर दुपारी मयताच्या बातम्या लागल्या, की खऱ्या नावाच्या पाठोपाठ ‘ज्यांना सगळे अमुक म्हणून ओळखत’ हे सांगतात. त्याशिवाय कोण गेलं ते कुणाला कळणार, आणि मातीला कोण येणार?

१९६८ सालच्या एका मंगळवारी सहा फूट दोन इंचांचा एक माणूस दारात वाकून उभा राहिला. त्यानं मिस ऑरेलियाला गुड आफ्टरनून म्हटलं, स्वयंपाकीण व्हर्नाला म्हटलं आणि मग कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीलाही म्हटलं. न जाणो, कुणी बसलेलं असलं तर. मिस ऑरेलियाला हसू आवरेना. ती तेव्हा पंचेचाळीशीची, चर्चच्या महिला मंडळाची खजिनदार, आणि हसणं ही गोष्ट तिनं बरीच वर्षं बाजूला ठेवलेली होती.

त्याला सगळे टिटिरी म्हणत. टिटिरी म्हणजे नदीच्या मुखाशी फडक्यात धरतात ती बोटाच्या पेराएवढी मासळी. एवढ्या ताडमाड माणसाला ते नाव कुणी दिलं हे त्यालाही आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी वहीत त्यानं नियमाप्रमाणे पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या मंगळवारी नुसतं ‘टिटिरी’ लिहून मिस ऑरेलियाकडे पाहिलं. तिनं वही मिटली. सव्वीस वर्षांत हा नियम तिनं एकाच माणसासाठी मोडला.

करियाकूचं गलबत मंगळवारी दुपारी लागायचं. बकऱ्या, लिंबं, तुरीची पोती उतरायची. बुधवारी सिमेंट आणि कांदे भरून ते परत जायचं. मधली एक रात्र टिटिरी पाच नंबरच्या खोलीत असायचा. येताना खारवलेल्या माशांचं पुडकं आणून तो स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवी, जणू ते तिथलंच होतं आणि वाटेत त्याला सापडलं होतं. मंगळवारी हॉटेलात ऑइलडाउन शिजे: नीरफणस, खारं मांस, अळूची पानं, हळद, आणि नारळाचं दूध पार आटून भांड्याच्या तळाशी तेल सुटेपर्यंतची आच. गुरुवारच्या पाहुण्यांनी कितीही आर्जवं केली तरी ते मंगळवारीच होई. हे कुणाच्या ध्यानात येत नाही, असं मिस ऑरेलियाला वाटे. तिला एकटीला सोडून सगळ्या धक्क्याच्या ध्यानात होतं.

जेवणानंतर दोघं मागच्या ओसरीवर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसत. तो बोलला तर बोलला. गलबतांची कामं करणारा माणूस तो. पाच नंबरची खिडकी पावसात गळते म्हणताच त्यानं फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकून वर डांबर ओतलं, गलबताला करतात तसंच. पुढे आलेल्या वादळात गावातली अर्धी कौलं उडाली. पाच नंबरच्या खिडकीतून मात्र थेंब आत आला नाही. आता ही खोली बुडायची नाही, असं तो म्हणाला होता, आणि मिस ऑरेलियानं त्याला गप्प बसून शेंगा सोलायला सांगितलं होतं.

एकदाच त्यानं काही मागितलं. त्यानं स्वतःचं छोटं गलबत बांधलं होतं. करियाकूच्या किनाऱ्यावर ते पाण्यात लोटायचा दिवस ठरला होता. आमच्याकडे गलबत पाण्यात जाताना त्याला माणसासारखेच धर्मपिता आणि धर्ममाता लागतात, बकरा कापतात, पाद्री पाणी शिंपडतो, आणि सगळं बेट जेवायला असतं.

“धर्ममाता तुम्ही व्हा,” टिटिरी म्हणाला. शेंग सोलता सोलताच म्हणाला.

धर्ममाता होणं म्हणजे चारशे माणसांसमोर त्याच्या शेजारी उभं राहणं. त्याचा अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती.

“हॉटेल कोण बघेल?” मिस ऑरेलिया म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला आणि पुढची शेंग उचलली.

हॉटेल व्हर्नानं डोळे मिटून बघितलं असतं. खरं कारण रस्त्यापलीकडे पावाच्या दुकानात बसलेलं होतं. अगाथा नोएल, महिला मंडळाची अध्यक्ष. अगाथाच्या जिभेला हाड नव्हतं. कुणाच्या पोराचं नाक कुणाच्या नवऱ्यासारखं आहे, हे ती पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सांगून मोकळी व्हायची. बिनलग्नाची खजिनदार बाई एका खलाशाच्या शेजारी उभी राहिली, हे अगाथानं किती वर्षं पुरवलं असतं! मिस ऑरेलियानं तेवढ्या भीतीपायी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि एक मंगळवार चुकवलाही नाही. खरं सांगायचं तर त्यानं रागवायला हवं होतं. पुढे अनेकदा तिच्या मनात येई, तो रागावला असता तर निदान बोलणं तरी झालं असतं.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये तो एका बुधवारी गलबतावर चढलाच नाही. त्याची बहीण ब्रुकलिनहून कायमची परत आली होती आणि उत्तरेला व्हिक्टोरिया गावात तिच्या नव्या घराचं छप्पर घालायचं होतं. उत्तरेला छपराचं काम आहे, पुढच्या मंगळवारी तिकडूनच येतो, एवढंच सांगून तो बसनं गेला.

त्या शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. मयताच्या बातम्या लागल्या तशी व्हर्नानं कढई खाली उतरवली. त्या वेळात आमच्याकडे कुणी काही तळत नाही. “व्हिक्टोरिया येथील एथेलबर्ट जोसाया कजो, वय त्र्याहत्तर,” निवेदक म्हणाला. ब्रुकलिनच्या अर्नेस्टिनचे बंधू. अंत्यविधी रविवारी. पुढे टोपणनाव नव्हतं.

“कुणीतरी कजो,” मिस ऑरेलिया म्हणाली. “करियाकूत दगड भिरकावला तर कजोलाच लागतो. देव त्याला शांती देवो. ती कढई चढव.”

रविवारी ती चर्चमधून आली, जेवली आणि दुपारभर झोपली.

मंगळवारी ऑइलडाउन शिजलं. गलबत लागलं. दारात ग्लॅडस्टन उभा होता, त्या गलबताचा तांडेल, टोपी हातात घेऊन. त्यानं गुड आफ्टरनून म्हटलं, व्हर्नाला म्हटलं, आणि मग कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून गप्प राहिला. मिस ऑरेलियाला तिथेच कळलं.

टिटिरी छपरावरून खाली उतरून पाणी प्यायला बसला, तो बसल्या बसल्याच गेला होता. रेडिओवरची बातमी बहिणीनं दिली होती. टोपणनाव काय लिहू, असं तिथल्या मुलीनं विचारल्यावर ती म्हणाली होती, की माझा भाऊ बाजारातली मासळी नव्हता. ग्लॅडस्टननंही गलबतावर बातमी ऐकली होती आणि कांद्याची पोती मोजत राहिला होता. काल टिटिरीची खबर घ्यायला त्यानं व्हिक्टोरियाला माणूस पाठवला, तेव्हा कळलं.

“मातीला किती होते?” मिस ऑरेलियानं विचारलं.

“पाद्री धरून अकरा.”

आमच्या बेटावर दारुड्याच्या मातीलाही शंभर माणसं येतात. व्हर्ना रडायला लागली. मिस ऑरेलिया कपाटाकडे गेली, सर्वांत खालची वही काढली आणि टेबलावर उघडली. १९६८, मंगळवार, खोली पाच. एथेलबर्ट जोसाया कजो. अक्षर मोठं, शाळकरी पोरासारखं, कजोच्या खाली एक रेघ. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या जगाकडून खरं नाव लिहून घेणाऱ्या बाईनं एकाला सूट दिली होती, आणि तोच एक तिच्या कानावरून निघून गेला होता. “मीच म्हटलं कुणीतरी कजो,” ती वहीशी बोलली. “माझ्याच तोंडानं.” त्या दिवशीचं ऑइलडाउन कुणी खाल्लं नाही.

पुढच्या मंगळवारी तिनं ग्लॅडस्टनकरवी बहिणीला निरोप धाडला: मयताच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना माझ्या हॉटेलात होईल. बहिणीची हरकत नाही, असं तो आठवड्यानं सांगून गेला. मग मिस ऑरेलिया चर्चचा निळा झगा घालून, टोपी घालून रेडिओच्या कचेरीत गेली.

खिडकीतल्या मुलीनं चाळिसाव्याच्या बातमीचा कागद भरायला घेतला. मिस ऑरेलियानं नाव सांगितलं. टोपणनाव सांगितलं, दोनदा सांगितलं आणि मुलीनं लिहिलेलं चष्मा लावून तपासलं.

“आणि तुमचं नातं, मॅडम?”

मिस ऑरेलियानं खिडकीचा कठडा धरला. नातं काय होतं? बहीण नव्हे, बायको नव्हे. पाहुणा म्हणावं तर सव्वीस वर्षांचा पाहुणा कुठे असतो? मागे रांगेत तीन माणसं उभी होती, त्यातला एक महिला मंडळातल्या बाईचा जावई.

“नसेल तर मी रिकामं सोडते,” मुलगी म्हणाली.

“रिकामं नको सोडूस. लिही, विशेष स्नेही.”

मुलीनं मान वर करून बघितलं. आमच्याकडे मयताच्या बातमीत हे दोन शब्द कुणासाठी येतात, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यांना चर्चमध्ये लग्नाला उभं राहता आलं नाही, त्यांच्यासाठी ते शब्द ठेवलेले आहेत.

“पूर्ण नाव लिहू तुमचं?”

“पूर्ण लिही. आणि हॉटेलचंही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हर्नानं कढई उतरवली. निवेदकानं सावकाश वाचलं: एथेलबर्ट जोसाया कजो, ज्यांना सगळे टिटिरी म्हणून ओळखत, ब्रुकलिनच्या अर्नेस्टिनचे बंधू, ‘हार्बर रेस्ट’च्या मिस ऑरेलिया फिलिपा पिअर यांचे विशेष स्नेही. मिस ऑरेलिया शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण दाणे सालींच्या टोपलीत पडत होते आणि साली भांड्यात. व्हर्नानं वाकून टोपलीतले दाणे वेचून भांड्यात टाकले. मग म्हणाली, “अहो, हे सांगायला रेडिओ कशाला लागला? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

पण रस्त्यापलीकडच्या दुकानाचं दार त्या दुपारी बंद होतं, आणि ते मिस ऑरेलियाच्या नजरेतून सुटलं नाही. पुढचे तीन आठवडे पाव आणायला व्हर्नाच गेली.

चाळिसाव्या दिवशी दुपारपासूनच माणसं यायला लागली. करियाकूची दोन गलबतं भरून आली. व्यापारी बायका आल्या, धक्क्यावरचे हमाल आले, भांडणारे दोन भाऊ आले आणि चुकून एकाच बाकावर बसले. जेवणाची खोली भरली, जिना भरला, शेवटी बाकं रस्त्यावर मांडली. कुणीतरी कोपऱ्यातली ती खुर्ची उचलायला गेलं, तेव्हा ग्लॅडस्टननं त्याचा हात धरला. बहीणही आली, काळी हॅट घालून. एवढी माणसं बघून ती दारातच थबकली. “ह्या सगळ्यांना तो ठाऊक होता?” तिनं विचारलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिस ऑरेलियानं तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, हातात पळी घेऊन. हॉटेल चालवणाऱ्या बाईला उभं राहायला तीच जागा ठाऊक होती.

प्रार्थना झाली. आता लोक उठून मयताच्या सर्वांत जवळच्या माणसाचा हात हातात घेणार होते. तेवढ्यात दारातली गर्दी दुभंगली आणि अगाथा नोएल आत आली, मंडळाचा पांढरा पट्टा लावून, हातात पावांची मोठी टोपली. अगाथानं मिस ऑरेलियाला गुड आफ्टरनून म्हटलं. टोपली टेबलावर ठेवली. पुढच्या खुर्चीतल्या बहिणीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ती सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, मिस ऑरेलियाच्या हातातली पळी काढून तिनं व्हर्नाकडे दिली आणि तो रिकामा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“तुमचा माणूस गेला, ऑरेलिया,” ती म्हणाली. “फार वाईट झालं.”

तिच्यामागे जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती.

“हो,” मिस ऑरेलिया म्हणाली. “माझा माणूस.”