हाराची जागा

"गेलेत की आहेत?" मी विचारलं.

"गेलेत," शाळेचे सेक्रेटरी म्हणाले.

पोर्ट्रेटची ऑर्डर घेताना हा प्रश्न पहिला. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार पडतो. तो दोन्ही बाजूंनी लोंबतो आणि कडेचं सगळं झाकतो. म्हणून कॅनव्हासवर डावी-उजवीकडे चार बोटं जागा मोकळी ठेवायची. आमच्या धंद्यात तिला हाराची जागा म्हणतात.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळेचा एक माजी विद्यार्थी, आर्मीत कॅप्टन, सरहद्दीवर बर्फात बेपत्ता झालेला. हॉलमध्ये त्याचं युनिफॉर्ममधलं ऑइल पेंटिंग लावायचं होतं. नौपाड्यातल्या माझ्या दुकानात मी फोटोवरून काम सुरू केलं.

रंग वाळत आले होते तेव्हा त्याची आई आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मासळीची पाटी बाहेर ठेवून आत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"नाक त्याचाच हाय," म्हणाली. मग कडेला बोट दाखवलं. "ही जागा कशाला मोकली?"

थाप मारता आली असती. जमलं नाही.

"हारासाठी, मावशी."

"मिलिट्रीवाले बोलतात, सापडला नाय. मेला असा कोनी बोलला नाय. माजा पोर यायचा हाय. हार नको."

मी सेक्रेटरींना फोन केला.

"अहो, बर्फातून कोण परत येतं? पाहुणे ठरलेत, चंदनाचा हार आणून ठेवलाय. तुम्ही चित्र काढा, बाकीचं आम्ही बघतो."

मला राग आला. चित्रच काढायचं ना, ठीक आहे. कॅनव्हास चौकटीवरून उतरवला, दोन्ही कडा कापल्या आणि अरुंद चौकटीवर पुन्हा ताणला. छातीवरच्या मेडलच्या रिबिनी आता फ्रेमला टेकल्या.

अनावरणाला एक रिटायर्ड कर्नल पाहुणे होते. त्यांनी हार फ्रेमवर धरून पाहिला. रिबिनी झाकल्या गेल्या.

"मेडल्स झाकायची नाहीत," ते म्हणाले. हार सेक्रेटरींच्या हातात परत दिला आणि चित्राला सॅल्यूट केला. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले. पहिल्या रांगेत बसलेल्या आईनं पदर सावरला आणि टाळ्या वाजवल्या.

त्या शाळेचं काम मला पुन्हा मिळालं नाही. कॅप्टनचीही काही बातमी आली नाही. चित्र अजून बिनहाराचंच आहे.

गेलेत की आहेत, हे मी आजही आधी विचारतो. फक्त आता ऑर्डर देणाऱ्यांना नाही, घरच्यांना.