आधी स्टूल, मग संशोधन

बायांना उत्तरं पढवून ठेवायची अक्कल माझीच. बरं, पढवली ती पढवली, सगळ्यांना एकच पढवलं.

लेक तेव्हा पुण्यात डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होती. जमिनीवर बसून हळकुंडं निवडणाऱ्या बायांसाठी तिनं एक बुटकं स्टूल वसतिगृहात बसूनच कागदावर काढलं होतं. तिच्या सरांनी ते परत केलं. म्हणाले, आधी संशोधन करून ये. पुन्हा परत आलं असतं तर वर्ष गेलं असतं. म्हणून सुट्टीत रोलचा कॅमेरा घेऊन ती हिंगोलीला आली. मला पहिल्या दिवसापासून शंका.

"चित्र तर तयार हाय, मग आता काय विचारून राहिलीस?"

"बाबा, संशोधन दाखवावं लागतं."

"दाखवावं म्हणजे करावं ना?"

"तेच ते."

तेच ते? मी हायस्कूलचा मास्तर. प्रयोगाआधी निष्कर्ष लिहिणारी पोरं मी चेहऱ्यावरून ओळखतो. पण पोरगी आपली, अन् वर्षही आपलंच. मी गुपचूप डोंगरकडा गावी साडूच्या हळदीच्या शेतात जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन पुन्हा तिथंच. तिनं पहिल्या बाईला विचारलं, "मावशी, दिवसभर बसून..."

"लई तकलीफ हाय कमरेला. स्टूल पायजे."

लेक खूश. दुसरीही तेच बोलली. तिसरीनं तर प्रश्नाची वाटच पाहिली नाही. लेकीची पेन्सिल थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एक हळकुंड उचलून फारच बारकाईनं बघू लागलो.

"मावशी, स्टूल केवढं उंच पायजे?"

"ते मास्तरांनी न्हाई सांगितलं."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. परतीच्या एसटीत लेकीनं लिहिलेली उत्तरं खोडून टाकली. मला वाटलं, माझ्यावर रागावली. हिंगोली आल्यावर म्हणाली, "पहिल्या दोघींचं मी लगेच खरं धरलं, बाबा. मला तेच पाहिजे होतं ना. उद्या एकटी जाते. चित्र घरीच राहू द्या."

"अन् त्या म्हणाल्या, स्टूल नकोच, तर?"

"तर नको."

"अन् वर्ष?"

ती कॅमेऱ्यात नवा रोल भरू लागली.

जेवताना बायको माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "स्टँडवर पुण्याच्या गाडीची चौकशी करून आलात म्हणं. काहून? गप घरी बसा. तिच्या सरांना तरी पढवायचं सोडा."