आत्याचं गाणं टेपात नाही

माझ्या आत्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगतो, कारण केव्हा ते न सांगता केलेली तक्रार कुणी वाचत नाही, एवढं मी पत्रकं वाटून शिकलो आहे. तिच्या चुलत बहिणीच्या लग्नात, मुहूर्ताच्या आधी, नवरा-नवरीला ऊंजलवर म्हणजे झोपाळ्यावर बसवलं आणि माझी आत्या गायला लागली, त्या क्षणी. अन्याय करणारा माणूस तिचा बाप, म्हणजे माझे आजोबा. ते आता नाहीत. म्हणून मी गप्प बसावं असं मला वाटत नाही.

आत्या तेव्हा लग्नाच्या वयाची मुलगी होती, आज तिला दिसतंही नीट नाही. ऊंजलचं ते गाणं तिला तिच्या आजीने शिकवलेलं. आजी गेल्यावर ते एकट्या तिलाच येत होतं. लग्नाच्या घरी आजोबांनी नवीनच घेतलेला मोठ्या चकत्यांचा टेप आणला होता. आत्या गायली आणि मग बापाला विचारलं, झालं का रेकॉर्ड? आजोबा म्हणाले, झालं. आत अस्से.

'आत आहे.' या दोन शब्दांवर तिने आयुष्य काढलं.

टेप पुढे बिघडला आणि माळ्यावर गेला. मी लहानपणापासून त्याचं खोकंच बघत आलो. आत्या कुणाच्या लग्नाला गेली आणि बायकांनी गा म्हटलं, की सांगायची, "मेज्जे गाणं टेपात अस्से. टेप नीट झाला की ऐका." टेपात आहे म्हटल्यावर पुन्हा गायचं कशाला, अशी तिची सरळ समजूत. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही गायली नाही.

गेल्या आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, कावेरीला पाणी आलं त्या दिवसांत, मी तो टेप खाली काढला. कुंभकोणच्या आमच्या घरात मी सोडून कुणाला घाई नव्हती. आत उघडलं तर रबराच्या पट्ट्याचं डांबर झालेलं. चाकांना, बोटांना, लुंगीला, जिथे लागेल तिथे काळं. कापूस आणि स्पिरिट घेऊन ते सगळं पुसत बसलो. नवीन पट्टा तंजावूरहून आणला, दोऱ्याने माप घेऊन. एकदम वीज सोडली तर जुनं यंत्र जळतं, म्हणून मध्ये एक बल्ब जोडला. बल्ब भगभगीत पेटला तर आत बिघाड, मंद राहिला तर ठीक.

आत्या झोपाळ्याच्या खुर्चीत बसून टोमणे मारत होती.

"काय रे, कलेक्टर ऑफिससमोर ओरडून झालं, आता टेपासमोर ओरडतोस?"

"हा तरी उत्तर देईल, आत्या."

"हात पुसल्याबिगर कॉफीला हात लावू नको. पेलाही काळा होईल."

बाबा दारात उभे राहून फक्त एवढंच म्हणत होते, शॉक बसेल, शॉक बसेल.

बल्ब मंद राहिला. चकत्या फिरल्या. आणि आजोबांचा आवाज आला, पण असा जाड आणि लांबलचक, की आत्या खुर्चीत मागे सरकली. "हा अप्पा नव्हे रे, म्हैस!" मी वेगाचं बटण चुकीच्या जागी ठेवलं होतं. ते फिरवलं, आणि म्हशीचे आजोबा झाले. आत्याने कपाळाला हात लावला. बाबा खाली बसले.

नादस्वरम्, म्हणजे आमच्याकडची लग्नातली सनई, वाजत होतं. माणसं बोलत होती. या, बसा, पाणी द्या, फुलं कुठे आहेत. आणि सगळं तमिळमध्ये. मला आधी कळेना. हे आमचंच घर, आमचीच माणसं, तंजावूरच्या मराठी दरबाराबरोबर इकडे आलेली, जी आजही आपसांत कुंभकोणच्या त्या जुन्या मराठीत भांडतात. मग लग्नाच्या घरी एक शब्दही मराठी कसा नाही? मी बाबांना विचारलं.

बाबा म्हणाले, "टेप चालू होता ना."

तुम्ही महाराष्ट्रात वाचत असाल तर हे सांगावं लागेल. आमच्याकडे परका माणूस घरात आला की घरची बोली बंद. दूधवाला आला, शेजारीण आली, की सगळे तमिळवर जातात. त्यात लाजेपेक्षा रीत जास्त आहे. पाहुण्याला न कळणारं बोलणं असभ्य. आणि या माणसांनी त्या यंत्रालाही पाहुणा धरलं. ऐकतो, म्हणजे परका. परक्यासमोर आपलं बोलायचं नाही.

मग बायकांचा गलबला थांबला आणि एक कोवळा आवाज आला. "हळू ओढा गे..."

आत्याने माझा हात धरला.

लगेच आजोबांचा आवाज, दबका, टेपाच्या अगदी जवळून, शेजारच्या कुणा बाईला: "अगे, यंत्र चालू अस्से!" आणि खट्, टेप बंद. नंतर पुन्हा नादस्वरम्.

एवढंच.

मी मागे घेतलं, पुन्हा लावलं. तेच. चकती शेवटपर्यंत चालवली, उलटी बाजू लावली. भाषणं, जेवणाच्या पंक्ती, कुणाचं तरी तमिळ गाणं. आत्या शेवटपर्यंत बसली. चकतीचं टोक सुटून फडफडायला लागलं तेव्हा म्हणाली, "मग अप्पांनी मज का सांगट्लं, आत अस्से म्हणून?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुझं गाणं टेपातून तोडलं त्यांनी, वर खोटं सांगितलं, हा सरळ अन्याय आहे. पत्रकात लिहितात तसलंच सगळं बोललो.

"ओरडू नको," ती म्हणाली. "मी रडेन म्हणून सांगट्लं असेल. लग्नाच्या घरात पोरीने रडू नये."

मी फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्यासमोर धरला. आता गा. ह्या खोलीत फक्त आपण आहोत. तिने पदर नीट केला, फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "वणक्कम्." आणि पुढे तमिळमध्ये स्वतःचं नाव, गाव सांगायला लागली.

मी फोन बाजूला टाकला. मग तिने प्रयत्न केला. हळू ओढा गे, एवढं आलं. दुसरी ओळ चालीवर आली, शब्द नाहीत. तिसरीला ती थांबली, ओठ हलवत राहिली. "चोखट गाणं होतं रे," ती म्हणाली. "टेपात अस्से म्हणून मी धरून ठेवलं नाही."

टेप आता उत्तम चालतो. मला त्याकडे बघवत नाही. तो बिघडलेला होता तोवर तिच्याकडे गाणं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. मी तो दुरुस्त केला आणि ते काढून घेतलं. आजोबांवर राग काढणं सोपं आहे. यंत्रापुढे ते पाहुण्यासमोर वागावं तसे वागले. पण तिच्या मुलीच्या लग्नात तिला हात धरून उभं करणारं कुणी निघालं नाही, आणि तेव्हा शब्द अजून तिच्या तोंडात असतील.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमचं घर तंजावूर, कुंभकोणम्, तिरुवारूर, कुठूनही आलेलं असो. घरातल्या म्हाताऱ्या बाईला आज विचारा, ऊंजलचं गाणं येतं का, 'हळू ओढा गे' असं सुरू होणारं. येत असेल तर तिला 'शुद्ध म्हण' म्हणू नका. रेकॉर्ड करून मोकळे होऊ नका. तुम्ही स्वतः शिका, पाठ करा, आणि कुंभकोणला येऊन माझ्या आत्यासमोर बसून म्हणा. फोन बाहेर ठेवा. लवकर या.