चर्चमधला तंबोरा

ही हकीकत मी इतकी वर्षं टाळत आलो. आमच्या संगीत मंडळाच्या स्मरणिकेसाठी दर वर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि दर वर्षी मी रसिकता कशी जोपासावी यावर दोन पानं लिहून देतो. ती दोन पानं भरताना हा प्रसंग प्रत्येक वेळी आठवायचा आणि प्रत्येक वेळी मी पेनाला टोपण लावायचो. आता वय ऐंशीकडे चाललं आहे, दोन्ही कानांत मशीन आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या बाई राहिल्या नाहीत. तेव्हा झालं तसं लिहितो.

मी मूळचा पलूसकडचा, ऊसवाल्यांच्या घरातला. नोकरी साताऱ्याला सरकारी कचेरीत झाली. निवृत्त झाल्यावर मुलाजवळ सांगलीत, विश्रामबागेत राहायला आलो. गाणं मला येत नाही, ऐकायचा नाद मात्र जुना. विश्रामबागेत माझ्यासारख्याच निवृत्तांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा समाजमंदिरात सतरंज्या टाकून बैठक व्हायची. मी जाऊ लागलो आणि वर्षभरात सचिव झालो. सचिव व्हायला गाणं कळावं लागत नाही, सतरंज्यांच्या कपाटाची किल्ली सांभाळावी लागते. पण किल्लीबरोबर मान आला आणि तो मला मानवला. पहिल्या रांगेत बसायचं, समेवर मान टाकायची, योग्य जागी वाह म्हणायचं. लोक मला कानसेन म्हणू लागले. मी "छे छे" म्हणायचो, ते अशा आवाजात की त्यांनी पुन्हा म्हणावं.

सत्तरी ओलांडली आणि कान गेले. एकदम गेले नाहीत. आधी बासरी गेली, मग बायकांच्या गळ्यातले वरचे स्वर गेले, मग तंबोऱ्याच्या तारांतून उठणारा गुंजारव गेला. तबला बराच काळ टिकला. वाह मी सोडलं नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक बसायचे. त्यांच्या भुवया वर गेल्या की मी वाह म्हणायचो. थोडा उशीर व्हायचा, पण लोकांना वाटायचं, हा माणूस चवीनं घेतो. एकदा प्राध्यापकांना शिंक येत होती, मी तिलाही दाद दिली.

गावी मात्र सोंग चाललं नाही. माझा थोरला भाऊ तोफखान्यातून निवृत्त झालेला. त्यानं मला चार वेळा हाक मारली, मग बांधावरून येऊन खांद्याला धरून हलवलं.

"तोफंजवळ मी हुतो इतकी वर्सं, आन् भैरा तू झालास व्हय रं?"

"भैरा कशाला, लक्ष नव्हतं."

"मग आता लक्ष दे गड्या, आन् डागदराकडं जा."

सांगली-मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण ओळखीच्या लोकांनाही नाही. म्हणून मी एस.टी.नं कराडला गेलो. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कानांचा आलेख हातात घेऊन बाहेर आलो, तर समोरच्या बाकावर सिस्टर.

सिस्टर म्हणजे जन्मभर दवाखान्यात परिचारिका म्हणून राबलेल्या बाई. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. निवृत्त झाल्या तरी सगळं विश्रामबाग त्यांना सिस्टरच म्हणायचं. लग्न केलं नव्हतं. कराडला एक भाऊ होता, त्यालाच दाखवायला त्या आल्या होत्या. आमच्या भागातल्या चर्चमध्ये त्या पायपेटी वाजवायच्या. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, अशी ती जुनी उभी पेटी. नोकरीत असताना रात्रपाळी संपवून त्या थेट रविवारच्या उपासनेला जाऊन बसायच्या, असं चर्चची मंडळी सांगत. घर भाड्याचं, नातलग लांब. पेटीसमोरचं ते स्टूल एवढीच त्यांची हक्काची जागा होती.

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. परिचारिकेला आलेख वाचायला वेळ लागत नाही.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मंडळात माहीत आहे?"

"नाही. सिस्टर, एवढं कुणाला सांगू नका."

"पेशंटचं बाहेर बोलायची मला सवय नाही," त्या म्हणाल्या. "पण मशीन घ्या तेवढं."

मशीन घेतलं. घरी आणून मोज्यांच्या खणात ठेवलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी मंडळ आणि चर्च मिळून एक कार्यक्रम करायचे. चर्चचं छप्पर उंच आहे, माइक लागत नाही, आणि सुटलेला स्वर वर जाऊन सावकाश खाली येतो. वेदीसमोर आमच्या सतरंज्या. पूर्वार्धात चर्चचा गायनवृंद रागांत बांधलेली मराठी भक्तिगीतं म्हणायचा, साथीला पायपेटी, तंबोरा आणि तबला. उत्तरार्धात बाहेरगावचा एखादा गवई. तंबोरा दर वर्षी तो गवईच आधी येऊन लावून द्यायचा आणि मी त्याच्यामागे बसून नुसता छेडायचो. छेडायला कान लागत नाहीत, बोटं लागतात.

कोरोनाच्या आदल्या वर्षी गवई महामार्गावर अडकले. तबलजीही त्यांच्याच गाडीत. पाच वाजत आले, लोक बसले, तंबोरा गवसणीतच. गायनवृंदाचे प्रमुख सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"आवं सचिव, ह्यात अ‍ॅप हाय. तार छेडली की काटा दावतंय. चटशिरी लागंल तंबोरा."

इथे मी नुसतं हो म्हणायचं होतं. पण पहिल्या रांगेतली सगळी डोकी माझ्याकडे वळली होती.

"स्वर डोळ्यांनी लावायचे नसतात," मी म्हणालो. "कानांनी लावायचे असतात."

प्राध्यापकांनी मान डोलावली. मी गवसणी काढली आणि तंबोरा मांडीवर घेतला. पायपेटीचे स्वर ठरलेले असतात, तंबोरा तिच्याशी जुळवून घ्यावा लागतो. सिस्टरनी काळी दोनचा, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा स्वर धरला. मी डोळे मिटले. लोकांना ती समाधी वाटली असेल. मला छातीत पेटीची घरघर कळत होती, त्यापलीकडे काही नाही. अंदाजानं खुंट्या पिळल्या, चारी तारा एकमेकींशी भांडत नाहीत असं वाटलं आणि डोळे उघडले. सिस्टरनी पट्टीवरचं बोट अजून काढलं नव्हतं.

"नीट ऐका," त्या हळू म्हणाल्या. समोरून बोललेलं मला ओठांवरून कळायचं.

"ऐकलं," मी म्हणालो.

तेवढ्यात तबलजी धावतपळत आले, गवयांना गाडीतच सोडून कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पुढे निघाले होते. पेटी एव्हाना गप्प झाली होती, म्हणून त्यांनी जवळचा माझाच तंबोरा कानाशी घेऊन तबला त्याच्याशी मिळवला. आता तंबोरा आणि तबला एका बाजूला झाले आणि पेटी एकटी पडली. बहुमत माझं झालं होतं.

पहिलं गीत सुरू झालं. मी मन लावून छेडत होतो आणि चेहऱ्यावर भाव आणत होतो. गडबड मला ऐकू आली नाही, दिसली. पुढच्या ओळीतल्या बायका पेटीकडे बघून गात होत्या, मागच्या ओळीतले पुरुष माझ्या तंबोऱ्याबरोबर गात होते आणि मधली मंडळी नुसती ओठ हलवत होती. एका बाईंनी कानात बोट घातलं. मी प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांच्या भुवया इतक्या वर गेल्या होत्या की सवयीनं माझ्या तोंडून वाह निघालं.

प्रमुखांनी हात वर करून गाणं थांबवलं.

"कायतरी इस्कटलंय. सचिव, तंबोरा बराबर हाय न्हवं?"

खरं बोलायला तेवढा एक क्षण होता. बघतो जरा, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तंबोरा चुकला म्हणजे कान चुकले, आणि कान चुकले म्हणजे पहिली रांग गेली, हा हिशेब माझ्या डोक्यात आधी झाला.

"तंबोरा चोख आहे," मी म्हणालो. "तबला त्याच्याशी जुळतोय, विचारा यांना. पायपेटी उतरली असणार. पावसाळा खाल्लाय तिनं, म्हातारी झाली."

तबलजींनी दोन थापा मारून मान हलवली. सगळे सिस्टरकडे बघू लागले. भात्यावरचे त्यांचे पाय थांबले होते.

"पेटी सकाळच्या उपासनेला ठीक होती," त्या म्हणाल्या.

"मंग आता कुणाचं चुकतंय, सिस्टर?" प्रमुखांनी विचारलं. ते काही रागानं बोलले नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. हे गृहस्थ मला कराडला कानाच्या डॉक्टरांकडे भेटले होते, एवढंच. मी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर नसलेली धूळ पुसत होतो.

"माझ्याच कानांचं काही असेल," त्या म्हणाल्या. "वय झालं."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि खाली येऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. उरलेली गीतं तंबोरा-तबल्यावर झाली. चांगली झाली म्हणे.

मध्यंतरात गवई आले. त्यांची पट्टी वेगळी, त्यांनी तंबोरा आपल्या गळ्याप्रमाणे पुन्हा लावून घेतला, आणि माझ्या कर्तबगारीचा पुरावा तिथेच पुसला गेला. पण माझ्या मनातलं जाईना. दोन दिवसांनी सुनेकडून मोबाईलवर ते अ‍ॅप घेतलं. मंडळाचा तंबोरा माझ्याच घरी असायचा. अ‍ॅपमधूनच काळी दोनचा स्वर वाजवला, पुन्हा डोळे मिटून कानांनी तंबोरा त्याला जुळवला आणि काट्याकडे पाहिलं. काटा एका कडेला जाऊन पडला. सूनबाई म्हणाली, "बाबा, अ‍ॅप बिघडलं असेल." मी लगेच हो म्हणालो. मग सतरंज्या आणायचं निमित्त काढून चर्चमध्ये गेलो, कुणी नसताना पेटीचं झाकण उघडलं आणि तोच स्वर दाबला. काटा मधोमध उभा राहिला.

म्हणजे मला आठवड्याच्या आत कळलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण अजाणता झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

चर्चच्या कमिटीनं नव्या वर्षात कीबोर्ड घेतला. तो कॉलेजातली एक मुलगी वाजवू लागली. पायपेटीवर चादर पडली. सिस्टरना कुणी काढलं नाही. त्याच म्हणाल्या, आता कानांचा भरवसा नाही, दुसऱ्या कुणाला बसवा.

मी माफी मागायला गेलो होतो. साताऱ्याहून येताना कंदी पेढे घेतले होते, कारण रिकाम्या हातांनी माफी कशी मागायची. सिस्टरनी चहा ठेवला आणि विचारलं,

"मशीन घेतलं?"

"घेतलंय. घरी आहे."

"घरी ठेवून काय घराला ऐकू येतंय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना मधुमेह, त्यामुळे चहाबरोबर पेढे मीच खाल्ले. चौथा पेढा तोंडात असताना त्यांनी विचारलं, काही काम होतं का. तोंड भरलेलं असल्यामुळे मी मानेनंच नाही म्हटलं.

मग कोरोना आला आणि मला दोन वर्षांची रजा मिळाली. त्यात एकदा फोन केला. मशीन लावून, वाक्यं पाठ करून. त्या "बोला" म्हणाल्या आणि मी लस घेतली का म्हणून विचारलं.

पुढे चर्च उघडल्यावर एका रविवारी उपासनेला जाऊन मागे बसलो. सिस्टर तिसऱ्या रांगेत होत्या. कीबोर्ड वाजत होता आणि त्यांची दहाही बोटं मांडीवरच्या पर्सवर चालली होती. पायसुद्धा आळीपाळीनं हलत होते. उपासना संपल्यावर प्रमुख मला हात जोडत पुढे आले, सिस्टरही आल्या. ज्यांना सांगायचं ते दोघंही समोर होते आणि मशीन कानांत होतं.

"कसं वाटलं?" सिस्टरनी विचारलं. "आज वाह नाही म्हणालात."

"कीबोर्ड चांगला घेतलाय," मी म्हणालो.

माझ्या तोंडून तेवढंच निघालं. प्रमुख खूश झाले, आपल्या निवडीचं कौतुक झालं म्हणून. सिस्टरनी पर्स काखेला लावली आणि "तब्येत सांभाळा" म्हणून गेल्या.

दोन वर्षांपूर्वी त्या झोपेतच गेल्या. चर्चमध्ये त्यांच्यासाठी स्मरणसभा झाली. मंडळातर्फे सचिवांनी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. मी आदल्या दिवशी बसून एका कागदावर सगळं लिहिलं, कराडपासून. कागद सदऱ्याच्या खिशात घालून उभा राहिलो. समोर प्रमुख, तबलजी, प्राध्यापक, चर्चची सगळी मंडळी. मी मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली, कार्यक्रमांची परंपरा सांगितली, सिस्टरचं सहकार्य मोलाचं होतं म्हणालो आणि खाली बसलो. बोलताना हात खिशावर होता, तो लोकांना छातीवर ठेवलेला दिसला. दोघी-तिघींनी डोळे पुसले.

कागदावरच्या शेवटच्या ओळी अशा होत्या:

सिस्टर, त्या दिवशी तुमची पेटी सुरात होती. तंबोरा मी चुकीचा लावला होता. मला तो ऐकू येत नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. तुम्ही माझं बाहेर बोलला नाहीत आणि मी तुमची जागा घालवली. सगळ्यांसमोर खोटं बोललो म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, तुमच्या कानांत काहीही दोष नव्हता. मला माफ करा.