पुढचा नंबर कोणाचा

नदीम शिकलगारला एका जागी बसवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काम मिळालं ते नेमकं बसूनच करायचं. रहाटणीतून माणसं घ्यायची, चाकणच्या एका कारखान्यात सोडायची आणि शिफ्ट सुटली की परत आणायची, अशी कंपनीची बस तो चालवायचा. सिग्नलला थांबला की त्याची बोटं स्टिअरिंगवर ठेका धरायची. बायको परवीन म्हणायची, झोपेतसुद्धा तुमचा अंगठा वाजतो.

ही खोड वडलांची. मीरासाहेबांचं पिंपरीत कॅसेटचं दुकान होतं. कुठल्या गायकाच्या किती कॅसेट मागवायच्या हे आधीच ठरवावं लागे, आणि अंदाज चुकला की माल पडून राही. मीरासाहेब दुकानाबाहेरच्या स्पीकरवर नवी कॅसेट लावायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बघत बसायचे. माणसांची चाल बदलली की मोठी ऑर्डर जायची. नदीम ते बघत मोठा झाला. पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, वडीलही गेले, आणि नदीमनं जड वाहनाचं लायसन काढलं.

बस हेच मग त्याचं दुकान झालं. मोशीच्या पुढे गाड्यांची रांग लागली की तो नवी गाणी लावायचा. चिंबळी फाट्यापर्यंत बस रांगतच जायची, त्यामुळे माणसांना ऐकण्यावाचून गत्यंतर नसायचं. कारखान्याशी सगळे उतरले की तो बाजूच्या आरशात बघायचा, गेटकडे चालताना कोण काय गुणगुणतंय. गाण्यांच्या एका ॲपवर दर शुक्रवारी मराठी गायकांची क्रमवारी लागे. तिच्यात वर कोण येणार हे नदीम आदल्या दिवशीच सांगायचा आणि ते बहुतेक वेळा खरं ठरायचं. पत्र्याचे भाग दाबणाऱ्या प्रेसशॉपमधले जुने कामगार हिंदुराव, साताऱ्याकडचे, त्यांनीच त्याला डिवचलं, नदीमराव, आमच्यापुरतं कशाला, मोबाइलवर सांगा की. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तो पार्किंगमध्ये बसला टेकून उभा राहायचा आणि एक छोटा व्हिडिओ करायचा. चॅनेलचं नाव ठेवलं, ‘पुढचा नंबर कोणाचा’.

ऐकणारे वाढले. गायकांचे भाऊ, मित्र, मॅनेजर त्याला मेसेज करू लागले. त्याबरोबर त्याचं स्वास्थ्य पार गेलं. गुरुवारी रात्रीपासून घास गिळवेना. शुक्रवारी कामावरून आला की क्रमवारी लागेपर्यंत तो घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. अंदाज खरा ठरला तरी आनंद तासभर टिके, की लगेच पुढच्या आठवड्याची धास्ती.

त्या बसमध्ये विजयश्री होती. वायरिंगच्या लाइनवर काम करणारी, मूळची औशाकडची मुलगी. पहिली काही वर्षं ती चाकणला चार मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहिली, मग आईवडील आले आणि त्यांनी चऱ्होलीत घर केलं. ती स्कूटीवर मोशीपर्यंत यायची आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसायची. ती गाते हे बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. एकदा तिनं स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं गाणं ॲपवर टाकलं आणि सोमवारी बसमध्ये चढताना नदीमला म्हणाली, भाऊ, जमलं तर लावा.

त्यानं लावलं. गाणं संथ होतं. खोलीवर राहणारी मुलगी आईला फोनवर सांगते, इथं सगळं बरं आहे, पाणी येतं, जेवण चांगलं आहे, मैत्रिणी आहेत. एवढंच. गाणं संपलं तेव्हा बसमध्ये कोणी काही बोललं नाही. विजयश्री समोरचा दांडा धरून बसली होती, मागे वळूनही बघत नव्हती. गेटाशी सगळे उतरले आणि नदीमनं आरशात बघितलं. एकही ओठ हलत नव्हता. हे चालणार नाही, त्यानं मनात नोंदवलं. आठवडाभर त्यानं ते रोज लावलं. रोज तेच.

पुढच्या बुधवारी उतरताना ती पायरीवर थांबली. "भाऊ, उद्या माझं नाव नाही घेतलं तरी चालेल," ती म्हणाली. "खरंच सांगते. मला राग नाही येणार."

ती इतकं बोलली नसती तर बरं झालं असतं, असं नदीमला नंतर कितीदा तरी वाटलं. गुरुवारी त्यानं एका नावाजलेल्या गायकाचं नाव घेऊन व्हिडिओ केला आणि पुसून टाकला. पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या. पुन्हा केला, पुन्हा पुसला. परवीनला फोन लावला. ती म्हणाली, जे वाटतं तेच सांगा, लोक त्यासाठीच ऐकतात. त्यानं फोन ठेवला आणि तिसऱ्यांदा मोबाइल वर धरला. या शुक्रवारी पहिल्या नंबरवर विजयश्री, तो म्हणाला, आणि पुन्हा पुसायच्या आत व्हिडिओ चॅनेलवर टाकला.

परतीच्या बसमध्ये गलका झाला. प्रत्येकानं तो व्हिडिओ पुढे पाठवला. विजयश्री रडली, हसली, पुन्हा रडली. तिच्या वडलांनी गल्लीत पेढे वाटले. औशाहून फोन आले. दुसऱ्या दिवशी लाइनवरच्या साहेबांनी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. नदीमला गुरुवारी रात्रभर डोळा लागला नव्हता. कदाचित लागेलही पहिला नंबर, माझ्या सांगण्यानंच लागेल, माणसं ऐकतात की माझं, असं तो स्वतःला सांगत राहिला.

शुक्रवारी क्रमवारी लागली. तो खाली खाली बघत गेला. तिचं नाव कुठेच नव्हतं.

लोकांनी त्याला चॅनेलवर धुऊन काढलं. कोणी म्हणालं, पैसे खाल्ले. कोणी म्हणालं, पोरीवर डोळा असेल. ते वाचून परवीननं त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. पण त्याहून वाईट म्हणजे विजयश्री दुसऱ्या दिवशी मोशीला चढली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. नदीम तिथं बस उगाच उभी ठेवायचा, मागून हॉर्न वाजायचे, हिंदुराव शेवटी म्हणायचे, चला आता, लेट मार्क लागंल. तो निघायचा, पण डोळे आरशात मागच्या रस्त्यावरच.

घरी त्याच्या येरझाऱ्या इतक्या वाढल्या, की सुट्टीच्या दिवशी परवीननंच स्कार्फ बांधला आणि म्हणाली, काढा गाडी, चऱ्होलीला जाऊन येऊ.

दार विजयश्रीच्या आईनं, कुसुमताईंनी उघडलं. त्यांनी या बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि पोरगी नीट जेवंना झालीय, एवढंच सांगितलं. विजयश्री आतून आली. तिनं परवीनला हात जोडले, नदीमकडे बघितलं आणि उभीच राहिली.

"भाऊ, तुम्हाला खरंच वाटलं होतं का, मी पहिली येईन?"

नदीमची बोटं गुडघ्यावर वाजत होती. परवीननं त्यांवर हात ठेवला.

"नव्हतं वाटलं," तो म्हणाला.

"मी तर नाव घेऊ नका म्हटलं होतं. मला ते झेपलं असतं. तुम्ही कीव केली, आणि सगळ्या जगासमोर केली."

चुकलो, एवढंच तो म्हणाला. कुसुमताई चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेल्या. मग विजयश्री खाली बसली आणि तिनं विचारलं, बसमध्ये गाणं लागायचं तेव्हा मागे काय व्हायचं? तिला वळून बघायचा धीर कधी झाला नव्हता.

नदीमनं सांगायला सुरुवात केली, आधी अडखळत. कोणी गुणगुणत नव्हतं, हे त्यानं लपवलं नाही. मग आतल्या आरशात दिसलेली एकेक सीट त्याला आठवत गेली. मागच्या बाकावरची पोरं मोबाइल मांडीवर पालथा ठेवायची. कँटीनच्या शालनबाई पदर तोंडाशी घेऊन खिडकीबाहेर बघायच्या. हिंदुराव चष्मा काढून पुसायचे आणि पुसून झाला तरी लावायचे नाहीत. एकदा चिंबळी फाट्याला रस्ता मोकळा झाला होता, तरी कोणी गाडी दामटा म्हणालं नव्हतं. हे सगळं त्यानं रोज पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ एकच लावला होता, की गाणं पडलं.

विजयश्री ऐकत होती. हिंदुरावकाका कुठल्या ओळीला चष्मा काढायचे, तिनं विचारलं. पाणी येतं म्हणते त्या ओळीला, तो म्हणाला. तिनं मान हलवली. चहा झाला. निघताना तिनं परवीनला पुन्हा या म्हटलं, नदीमला काही म्हणाली नाही.

त्या गुरुवारी त्यानं व्हिडिओत सरळ सांगितलं, विजयश्रीबद्दलचा अंदाज मला स्वतःला पटलेला नव्हता, तरी मी तो दिला. ऐकणारे निम्मे सोडून गेले. विजयश्री कामावर परत आली, पण आता ती अगदी मागच्या बाकावर बसते, शालनबाईंशेजारी. चढताना मान हलवते, तेवढंच. तिचं गाणं क्रमवारीत कधी आलं नाही. मात्र आळंदीकडच्या एका सोसायटीनं तिला वर्धापनदिनाला गायला बोलावलं, मग दुसरीनं, आणि सुट्टीचे दिवस तिचे आता तिकडे जातात.

नदीम अजून अंदाज सांगतो. अधूनमधून बरोबर येतात. पण गाणं लागलं आणि बस गप्प झाली की त्याला घाम फुटतो. पूर्वी गप्प बसणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं, आता कळत नाही, आणि आरशात किती बघितलं तरी समाधान होत नाही.

परवा हिंदुराव उतरता उतरता म्हणाले, पोरीनं दुसरं गाणं टाकलंय, ऐकलं का न्हाई? त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बस रिकामी झाल्यावर त्यानं पार्किंगमध्ये दार लावून घेतलं आणि ते लावलं. संपल्यावर पुन्हा लावलं. मग मागे जाऊन एका सीटवर बसून ऐकलं, तिथून उठून दुसऱ्या. हे चालेल की नाही, त्याला काही केल्या ठरवता येईना.